सात लाख कोटींच्या अर्थसंकल्पात पाच रुपयांचं अंडं

रानजाई

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत मी व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे. सातारा जिल्हा, एवढंच सांगते. मुख्याध्यापकांना उगाच ताप नको. मागच्या बैठकीत पोषण आहाराचा विषय निघाला आणि जवळजवळ सगळा वेळ एका अंड्यावर गेला. कोण देणार, किती दिवस देणार, पावती कुणाच्या नावानं फाडायची.

ज्यांची मुलं शहरातल्या शाळांत आहेत त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शासन निर्णय काढून शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं सुरू केलं. जो खात नाही त्याला केळं किंवा त्या भागातलं फळ. पैसे राज्याचे, अंड्यामागे पाच रुपये. मग जानेवारी २०२५ मध्ये दुसरा शासन निर्णय आला. अंडा पुलाव, गोड खिचडी, नाचणी सत्व हे पदार्थ आता ऐच्छिक, द्यायचे असतील तर समितीने लोकसहभागातून सोय करावी. यात वर्षाला साधारण ५० कोटी वाचतील असं तेव्हा छापून आलं होतं.

दीड महिन्याने २०२५-२६ चा अर्थसंकल्प आला. एकूण आकार ७ लाख कोटींचा. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. ५० कोटी म्हणजे १४ हजार रुपयांत एक रुपया. त्याच अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेला ३६ हजार कोटी होते, म्हणजे दिवसाला साधारण ९८ कोटी. मुलांची वर्षभराची अंडी म्हणजे त्या योजनेचा अर्धा दिवस.

लाडकी बहीण बंद करा असं मी म्हणत नाहीये, माझी जाऊ त्या पैशावर गॅस भरते. मला समजून घ्यायचंय ते एवढंच: इतकी बारकी रक्कम कापायचा निर्णय होतो तरी कसा? कुणीतरी मंत्रालयात बसून ‘अंडी बंद’ असं ठरवतं, की हे आपोआप घडतं? इथे सरकारी नोकरीतले, अंगणवाडीवाले, डॉक्टर बरेच आहेत, म्हणून धागा काढला. आणि कृपया शाकाहार-मांसाहार नको.

पाटावरवंटा

‘कृपया शाकाहार-मांसाहार नको’ लिहिलंत म्हणजे तिसऱ्या प्रतिसादात सुरू होणार. बसतो चहा घेऊन.

टाचणी

उलट बाजू मांडतो, राग नसावा. राज्यावरचं कर्ज ९ लाख कोटींच्या पुढे गेलंय. २०२५-२६ ची महसुली तूट ४५ हजार कोटींच्या वर. कुठेतरी कात्री लागणारच. आणि लोकवर्गणीत एवढं वाईट काय आहे? धागाकर्ती सातारच्या आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुष्टिफंडातून मुलांची जेवणं चालवली. घराघरातून मूठमूठ धान्य. तेव्हा कुणी शासन निर्णयाची वाट बघितली नव्हती. गावाने स्वतःच्या पोरांना आठवड्याला एक अंडं खाऊ घालू नये?

नाचणीचीआंबील

टाचणी, कर्मवीरांच्या काळी सरकार इंग्रजांचं होतं आणि बहुजनांची पोरं शिकावीत ही त्याची गरज नव्हती. म्हणून मूठ मागावी लागली. आज माझी आई काडेपेटीवर सुद्धा जीएसटी भरते. तीच मूठ आहे की ती. परत दुसरी कशाला?

आणि अंडं म्हणजे सगळं नव्हे. ज्यांच्या घरात चालत नाही तिथे पोराने शाळेत काय खाल्लं यावरून...

पाटावरवंटा

तिसराच. अंदाज बरोबर निघाला.

गुर्जी

मुख्याध्यापक आहे, शाळा दोनशिक्षकी. लोकसहभागाचा अनुभव सांगतो.

लोक देत नाहीत असं नाही. स्नेहभोजनाची पद्धत आहेच. कुणाच्या मुलाचा वाढदिवस, कुणाचं नवीन घर, कुणी सरपंच झाला. पण देतात काय? जिलेबी. गुलाबजाम. श्रीखंडाचे डबे. बुंदी. फोटो काढायला गोड बरं दिसतं. आजवर एकाही वाढदिवसाला कुणी अंड्याचे ट्रे घेऊन आलेला मी बघितला नाही. आणि आला तरी एकदा येतो. सुरुवातीच्या उत्साहात दोन आठवडे होतं, मग सुगी लागते.

दुसरं, रोजचं गणित. मे २०२५ पासूनचा दर पहिली ते पाचवीला एका मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे, सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे. तांदूळ केंद्राकडून वेगळा येतो. उरलेल्यात डाळ, कडधान्य, तेल, मीठ-मसाला, भाजी आणि सरपण किंवा गॅस. यात केंद्र ६० टक्के, राज्य ४०. डाळ-तेल पुरवठादार टाकतो. इंधन-भाजीपाल्याचे पैसे शाळेच्या खात्यावर यायचे असतात. ‘यायचे असतात’ हे नीट वाचा. येईपर्यंत किराणावाल्याकडे माझ्या नावाची वही चालते. स्वयंपाकी ताईंचं मानधन २,५०० रुपये महिना, तेही वेळेवर मिळालं तर त्या पेढे वाटतील. २०२४ च्या जूनमध्ये ‘तीन संरचित आहार’ म्हणून भात-वरणाबरोबर मोड आलेली उसळ आणि खीर असं छान पत्रक आलं. साखर कुठून आणायची ते पत्रकात नव्हतं.

आणि हो, उसळीचे मूग मोड यायला आदल्या दिवशी भिजवून फडक्यात बांधावे लागतात. रविवारी शाळा बंद, मग सोमवारची उसळ कोण भिजवणार? ताई घरी नेऊन भिजवतात. त्याचे पैसे कुठल्याच लेखाशीर्षात नाहीत.

कोषागार

निवृत्त आहे, नोकरी सगळी लेखा आणि कोषागारात. धागाकर्तीच्या मूळ प्रश्नाला उत्तर देतो: अंडी कशी कापली जातात?

ताई, ‘अंडी बंद करा’ असं कुणीही म्हणत नाही. फाईल अशी चालते. आधी वरून एक एकूण आकडा येतो: तूट एवढ्याच्या आत ठेवायची. मग त्यातून पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जावरचं व्याज बाजूला काढायचं. त्याला हात लागत नाही. मग मोठ्या, जाहीर झालेल्या योजना. त्यांना हात लावायची हिंमत होत नाही. मग केंद्र पुरस्कृत योजनांतला राज्याचा हिस्सा. तो नाही घातला तर केंद्राचे पैसे अडतात, म्हणून तो ठेवायचा, पण उशिरा द्यायचा. शेवटी उरतं ते शंभर ठिकाणी विखुरलेलं किरकोळ. राज्याने स्वतःहून सुरू केलेलं, केंद्राचा हिस्सा नसलेलं, ज्याच्यासाठी कुणी मोर्चा आणणार नाही असं. अंडी बरोबर त्या ढिगात होती. पोषण आहाराच्या मूळ दरात नव्हती, राज्याची वरची भर होती. कापायला सगळ्यात सोपी.

मुलांचे पैसे एका जागी नसतात हेही लक्षात घ्या. अंगणवाडीचा आहार पोषणाच्या २२३६ या प्रधानशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातल्या मुख्य खात्याखाली. बालगृहं, बालसंगोपन समाजकल्याणाच्या २२३५ खाली. शाळा २२०२ मध्ये. लसीकरण, नवजात अर्भकाची काळजी आरोग्यात. आदिवासी मुलांचा आहार आदिवासी घटक कार्यक्रमात. त्यामुळे एकूण मुलांचं किती कापलं हे एका पानावर कधी दिसतच नाही. शेतकऱ्याचं कापलं की विधानसभेत बोंब होते. मुलांचं पाच खात्यांत थोडं थोडं कापलं तर पाचही मंत्र्यांना ते जाणवत नाही.

दुसरी गोष्ट. अर्थसंकल्पात आकडे तीन असतात: अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च. वर्तमानपत्रं पहिल्यावर मथळा करतात. तिसरा छापून येईपर्यंत दोन वर्षं जातात आणि तो बघायला कुणीच नसतं. तरतूद झाली म्हणजे पैसे आले असं बिलकूल नाही. वित्त विभागाची संमती, विभागाचा शासन निर्णय, मग बीम्स या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर वितरण, मग जिल्ह्यात बिल काढणारा आहरण अधिकारी, मग आमच्याकडे बिल. फेब्रुवारी-मार्चमध्ये निधीचा पाऊस पडतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही रात्री बारापर्यंत बिलं पास करायचो. आता मला सांगा, मार्चच्या २८ तारखेला आलेल्या पैशातून जुलैतल्या मुलाला काय खायला घालणार? मुलाची भूक वर्षअखेरीला साठवून देता येत नाही. पण त्याच पैशात मार्चमध्ये खुर्च्या, वजनकाटे, खेळणी, फलक घेता येतात. म्हणून अंगणवाडीत गेलात की भिंतीवर कार्टून दिसतात.

रानजाई

कोषागार, हे शंभर ठिकाणी शेअर करायला हवं. एक शंका. ‘मोठ्या योजनेला हात लावत नाहीत’ म्हणालात, पण मोठ्या योजनेसाठी दुसऱ्याला लावतात का?

कोषागार

लावतात, आणि ते लपलेलंही नाही. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकासचे सुमारे ३३५ कोटी लाडकी बहिणीकडे वळवले. सामाजिक न्याय खात्याच्या मंत्र्यांनीच उघड नाराजी व्यक्त केली होती, पेपरात सगळं आलंय. सरकारचं म्हणणं, लाभार्थी महिला त्याच समाजांतल्या आहेत, म्हणजे पैसा त्यांनाच गेला. कागदावर हे चूक म्हणता येत नाही. पण त्याच पैशात वसतिगृहं आणि आश्रमशाळाही बसतात.

आणि हे फक्त याच सरकारचं नाही. मे २०२० मध्ये, तेव्हा दुसरं सरकार होतं, करोनात विकासखर्चाला ६७ टक्के कात्री लावली. आरोग्य, अन्नधान्य अशी मोजकी खाती वगळली. महामारीत पैसा नव्हता हे खरं, पण अंगणवाडी बंद, शाळा बंद, घरात मजुरी बंद, अशा वर्षी मुलांच्या खात्याला कात्री लागली तर ती किती खोल जाते, हे कुणी मोजलं नाही.

टाचणी

ठीक, प्रक्रिया कळली. पण मग मी म्हणतो तेच नाही का? आईच्या हातात १,५०० रुपये गेले. पाच रुपयांच्या सरकारी अंड्यापेक्षा आईने आणलेलं अंडं काय वाईट? मधला ठेकेदार, बिलं, वही, सगळं वाचलं. रोख द्या आणि मोकळे व्हा.

डोंगरवाट

बालरोगतज्ज्ञ आहे, पालघर जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात काम करते. टाचणींना उत्तर, आणि धागाकर्तीलाही थोडा विरोध.

आधी रोखीचं. आईच्या हातात पैसा आला की घरात खाणं सुधारतं, हे मी नाकारत नाही. पण लाडकी बहिणीची अट वय २१ ते ६५. माझ्या ओपीडीत सगळ्यात वाळकी मुलं कुणाची असतात? अठरा-एकोणीस वर्षांच्या आयांची. लग्न लवकर, पहिलं मूल लगेच. ती पोरगी त्या योजनेत बसत नाही. तिची सासू बसते. दिवाळीनंतर ही जोडपी वीटभट्टीवर नाहीतर बांधकामावर भिवंडी-वसईकडे जातात, मूल पाठीवर. तिथे अंगणवाडीच्या यादीत त्याचं नाव नसतं, आणि गावच्या यादीत असून उपयोग नसतो. होळीला परत येतात तेव्हा मी त्या मुलाचा दंडघेर मोजते. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली पट्टी लाल दाखवते. त्या पट्टीतून कित्येकदा आईचं बोट आरपार जावं इतकी जागा उरते. पैसे मिळाले तर काय, त्या खोपटाच्या आसपास विकत घ्यायला मिळतं ते पाच रुपयांचं कुरकुऱ्याचं पाकीट.

आता धागाकर्तीला. शाळेतलं अंडं हवंच. पण उंची खुंटायची ती पहिल्या दोन वर्षांत खुंटते, पोटात असल्यापासून मोजलं तर हजार दिवसांत. सहाव्या वर्षी शाळेत दिलेलं अंडं ती भरून काढत नाही. आणि नेमकं त्या वयासाठी सरकार काय देतं? अंगणवाडीतून सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलामागे दिवसाला ८ रुपये. हा दर २०१७ मध्ये ठरला. तीव्र कुपोषित असेल तर १२, गरोदर आणि स्तनदा मातेला साडेनऊ. निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे. २०१७ ला डाळ काय भाव होती आणि आज काय आहे? शाळेच्या आहाराचा दर निदान अधूनमधून वाढतो, अंगणवाडीचा वर्षानुवर्षं आठावरच अडकला. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात हे दर वाढवू असं वाक्य होतं. वाक्य.

परिणाम बघा. पाच वर्षांखालच्या बुटक्या, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या मुलांचं प्रमाण महाराष्ट्रात २००५-०६ ला ४६ टक्के होतं. २०१५-१६ ला ३४.४. आणि २०१९-२१ ला ३५.२. दहा वर्षं घसरण झाली आणि मग गाडी जागच्या जागी. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुलं दोन्ही वेळेला २५.६ टक्के, एक दशांश हललं नाही. त्यातली अतितीव्र ९.४ वरून १०.९. हे सगळं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं आहे, माझं नाही. देशातलं सगळ्यात मोठं अर्थकारण असलेलं राज्य आहे हे.

म्हैसूरपाक

मग पहिल्या दहा वर्षांत जे खाली आलं ते कशामुळे? कुणी सांगेल का?

डोंगरवाट

ती गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना माहिती आहे, आणि मला ती अंड्यापेक्षा महत्त्वाची वाटते.

मेळघाटातले बालमृत्यू १९९३ पासून गाजत होते. धारणी, चिखलदरा ही नावं दर पावसाळ्यात पेपरात यायची. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल २००१ मधला. सरकारी नोंदीत जेवढी मुलं मेलेली दिसतात त्याच्या कितीतरी पट प्रत्यक्षात मरतात, हे त्यांनी गावोगाव मोजून दाखवलं. दाबलेला आकडा बाहेर आला म्हणजे सरकारला काहीतरी करावंच लागतं. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं, आधी आदिवासी जिल्ह्यांत, मग राज्यभर. पहिले महासंचालक व्ही. रमणी, सनदी अधिकारी. युनिसेफचा हातभार होता.

गंमत म्हणजे मिशनकडे वाटायला स्वतःचा फार पैसा नव्हता. त्यांनी केलं काय? रिकाम्या जागा भरायला लावल्या. पर्यवेक्षिका, सीडीपीओ म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकारी, वैद्यकीय अधिकारी. वजनं खरी लिहा म्हणून सांगितलं. कुपोषित मूल सापडलं म्हणून ताईला झापायचं नाही, दडवलं तर झापायचं. आरोग्य आणि महिला-बालविकास ही एकमेकांकडे न बघणारी दोन खाती एका टेबलाशी बसवली. लक्ष दोन वर्षांखालच्या मुलांवर आणलं. २०१२ मध्ये मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने पाहणी केली, तेव्हा दोन वर्षांखालच्या मुलांतला बुटकेपणा ३९ टक्क्यांवरून २३ वर आला होता. सहा-सात वर्षांत. जगभर त्याचा दाखला दिला गेला. त्यानंतर मिशनचं नाव टिकलं, जोर ओसरला. अधिकारी बदलले, पदं परत रिकामी व्हायला लागली.

म्हणून पैसा महत्त्वाचा, पण रिकामी खुर्चीही अर्थसंकल्पातच असते. पद मंजूर, पगाराची तरतूद आहे, भरती नाही. वर्षाच्या शेवटी तो पैसा ‘बचत’ म्हणून परत जातो आणि वित्त विभागाला आनंद होतो.

कोषागार

शेवटचा मुद्दा शंभर टक्के. आमच्या भाषेत त्याला निधी प्रत्यार्पित करणं म्हणतात. आणि पुढच्या वर्षी ‘मागच्या वर्षी खर्च झाला नाही’ म्हणून तरतूदच कमी होते.

बीटवाली

पर्यवेक्षिका आहे, आमच्यात मुख्यसेविका म्हणायची सवय अजून आहे. एका बीटमध्ये वीस-पंचवीस अंगणवाड्या असाव्यात. माझ्याकडे दोन बीटं आहेत, कारण शेजारचं पद रिकामं. डोंगरवाट मॅडम बोलल्या ते हेच.

लोकांना वाटतं ताई खिचडी वाटते आणि घरी जाते. ताईचं काम मोजा: वजन-उंची, पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर भरणं, गृहभेटी, लसीकरणाला मुलं गोळा करणं, गरोदर नोंदणी, पूर्वशिक्षण, निवडणुकीचं बीएलओ, म्हणजे मतदारयादीचं काम. २०२४ ला लाडकी बहिणीचे अर्जही ताईंनीच भरले, एका अर्जाला पन्नास रुपये जाहीर झाले होते. त्या दोन महिन्यांत किती मुलांची वजनं झाली ते विचारू नका. मोठ्या योजनेचा छोट्यावर होणारा परिणाम पैशातच दिसतो असं नाही, माणसाच्या वेळातही दिसतो.

मानधनाचं सांगते. डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ पर्यंत संप चालला, पन्नासहून जास्त दिवस. तेव्हा सेविकेला १०,००० आणि मदतनिसाला ५,५०० होते. नंतर वाढ झाली. यातला केंद्राने ठरवलेला दर साडेचार हजार फक्त, २०१८ पासून तेवढाच, त्यातलेही केंद्राचे ६० टक्के, बाकी सगळं राज्य देतं. राज्यात एक लाख दहा हजारांच्या आसपास अंगणवाड्या आहेत, त्यामुळे हजार रुपये वाढवायचे म्हटलं तरी सरकारच्या कपाळाला आठ्या. २०१८ मध्ये तर ताईंवर मेस्मा, म्हणजे संपबंदीचा कायदा लावला होता, अत्यावश्यक सेवा म्हणून! मग ओरडा झाल्यावर थांबवला. अत्यावश्यक म्हणजे संप करायचा नाही, पण कर्मचारीही म्हणायचं नाही, मानसेवी म्हणायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तो निकाल गुजरातच्या ताईंच्या प्रकरणात आला.

आहाराचं म्हणाल तर तीन वर्षांखालच्या मुलाला घरपोच पाकिटं जातात. चव बघितली आहे का कुणी? मी प्रत्येक लॉटची बघते. काही वर्षं अशी गेली की अर्ध्या घरांत ते पीठ कोंबड्यांना घालत होते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ लाच सांगितलं होतं की अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, महिला मंडळं, बचत गट यांना द्या. त्यानंतर महिला मंडळाच्या पाटीमागे मोठे पुरवठादार आले. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याची सुमारे ६,३०० कोटींची कंत्राटं रद्द केली, अटीच अशा घातल्या होत्या की खरा बचत गट पात्र ठरूच नये. म्हणजे पैसा होता हो. ८ रुपयांतले मुलाच्या तोंडात किती गेले हा प्रश्न आहे.

आणि गरम ताज्या आहाराच्या गटाचं बिल चार-चार महिने येत नाही. आमच्या एका गटाच्या अध्यक्षांनी तेलाच्या डब्यासाठी स्वतःचं डोरलं गहाण टाकलं होतं. नाव-गाव सांगत नाही.

मद्रासी मराठी

तमिळनाडूत तिरुवल्लूरला नोकरीनिमित्त स्थायिक, मुलगी इथल्या सरकारी शाळेत शिकली. तुलना करतो, पटली तर घ्या.

इथे शाळेच्या दिवशी रोज अंडं असतं. रोज! जो खात नाही त्याला केळं. १९८२ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री एमजीआर यांनी दुपारचं जेवण वाढवलं तेव्हाही दिवाळं निघेल असं लोक म्हणालेच होते. नंतर कुठल्याही पक्षाचं सरकार आलं तरी त्यात काही ना काही घातलंच, काढलं नाही. सप्टेंबर २०२२ पासून प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारीही सुरू झाली. उपमा, पोंगल, किचडी. वर्षभरात सगळ्या सरकारी प्राथमिक शाळांत.

मुख्य फरक मला वाटतो तो असा की इथे अंडं काढून घेणाऱ्या पक्षाला निवडणुकीत फटका बसेल अशी भीती आहे. तुमच्याकडे अंडं गेलं तर पुढच्या महिन्यात कुणाच्या लक्षात होतं? पाच वर्षांखालच्या मुलांतला बुटकेपणा तमिळनाडूत २५ टक्के, डॉक्टरांनी महाराष्ट्राचा ३५ सांगितलाच आहे. सगळं श्रेय अंड्याला देता येणार नाही, मुलींचं शिक्षण, प्राथमिक आरोग्य केंद्रं हेही आहे. पण दोन्ही राज्यांच्या खिशात तसा फार फरक नाही.

टाचणी

हा मुद्दा मला पटला, राजकीय किमतीचा. पण मग उपाय लोकांच्या हातात येतो, सरकारच्या नाही. लोकांनी विचारायला हवं.

नाचणीचीआंबील

लोकांनी विचारायचं तर लोकांना माहिती हवी. इथे तर शासन निर्णय संकेतस्थळावर शोधायचा म्हटलं तरी विभाग, तारीख, सांकेतांक सगळं पाठ पाहिजे. अवांतर: ती पीडीएफ कॉपी केली की अक्षरांची खिचडी होते, बहुधा तीच ‘गोड खिचडी’.

उपसरपंच_०७

ग्रामपंचायतीच्या बाजूने दोन शब्द. रानजाई ताई, वर्गणी गोळा करण्याआधी एक बघा. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावेच लागतात. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतही ३ टक्के महिला-बालविकासाला राखीव आहेत. आमच्याकडे हे पैसे जायचे कशात? शिवणक्लास, हळदीकुंकवाची भांडी, अंगणवाडीला प्लास्टिकच्या खुर्च्या. दोन वर्षांपासून आम्ही ग्रामसभेत ठराव करून अंगणवाडीतल्या तीन वर्षांखालच्या मुलांना अंडी सुरू केली. आठवड्याला दोन. गावातल्याच एका बाईच्या गावरान कोंबड्या, महिन्याचं बिल तिला, मधे कुणी नाही. लेखापरीक्षकाने सुरुवातीला भुवई उंचावली, ठराव आणि पावत्या दाखवल्यावर गप्प बसला.

गुर्जी

उपसरपंच, झकास. पण तुमच्या गावच्या हद्दीत एमआयडीसी आहे ना? घरपट्टी चांगली येत असेल.

उपसरपंच_०७

आहे. दोन कंपन्या. लपवत नाही.

डोंगरवाट

माझं दुखणं नेमकं तिथे आहे. माझ्या भागातल्या ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे थकलेली घरपट्टी. त्याचे १० टक्के काढले तर अंड्याचे दोन ट्रे येतील. जिथे कारखाना तिथे अंडं, जिथे डोंगर तिथे भात. लोकसहभाग म्हटला की हे असं होतं. ज्या गावाला गरज कमी त्याची ताकद जास्त. म्हणून तर हा खर्च राज्याचा असायला हवा, सगळीकडचा कर एका पिशवीत घेऊन गरज असेल तिथे द्यायला राज्य असतं. आदिवासी भागात अमृत आहार योजना आहे, २०१५ पासून, गरोदर बाईला एक वेळचं पूर्ण जेवण, आणि मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडी किंवा केळी. जिथे नीट चालते तिथे फरक डोळ्यांना दिसतो. पैसे उशिरा आले की दुकानदार उधार बंद करतो आणि योजना कागदावर चालू राहते.

रानजाई

उपसरपंच, ठरावाचा नमुना व्यनि (खासगी निरोप) कराल का? डोंगरवाट, तुमचं म्हणणं मान्य. आमच्या गावात एमआयडीसी नाही आणि डोंगरही नाही, मधलंच आहे, म्हणून दोन्ही करू म्हणते. ग्रामसभेचा ठराव एक, आणि ‘हे काम राज्याचं आहे’ असं शिक्षण विभागाला पत्र एक.

कोषागार, ते पत्र कधी आणि कुणाला पाठवलं तर उपयोग? मार्चमध्ये आमदारांना दिलं तर ते ‘पुढच्या अधिवेशनात बघू’ म्हणतील.

कोषागार

मार्चमध्ये दिलंत तर वाया. तेव्हा आकडे छापून झालेले असतात. विभाग आपापली अंदाजपत्रकं पावसाळा संपता संपता तयार करायला घेतात, जिल्ह्यांकडून मागण्या तेव्हा मागवतात. गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षणाधिकारी यांना सप्टेंबरच्या आत द्या, पोच घ्या. जिल्हा नियोजन समितीचा आराखडा साधारण जानेवारीत पालकमंत्र्यांपुढे जातो. त्याच्या आधी डिसेंबरात त्या ३ टक्क्यांसाठी पत्र. आमदारांना हिवाळी अधिवेशनाच्या आधी द्या, पुरवणी मागण्या नागपूरलाही येतात. आणि पत्रात ‘मुलांच्या भवितव्याचा विचार करून’ वगैरे लिहू नका, तसली पत्रं थप्पीला जातात. पटसंख्या, आठवडे, अंड्याचा दर, गुणाकार, एकूण रुपये. कारकुनाला टिपणी लिहायला सोपी जाईल तेवढी फाईल पुढे सरकते.

बीटवाली

आणि अंगणवाडीची मागणी जोडायची असेल तर ट्रॅकरवरचे आकडे देऊ नका, ताईच्या वजन-नोंदवहीची झेरॉक्स द्या. ट्रॅकरमध्ये आमचं बीट फार सुदृढ आहे.